एजन्सीची सिस्टर : अनोळखी आयसीयूमधली एक रात्र

  

आज पाहुणा नाहीये. मी एकटाच बोलणार आहे. खरं तर पाहुणी ठरली होती. माझी ताई. पण रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अरे, माझा आवाज ओळखला कुणी तर उद्यापासून ड्युटी मिळायची नाही मला. तूच सांग. पण आधी मला ऐकव." म्हणून मी सांगतोय. तिला ऐकवलंय, तिने दोन ठिकाणी चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्यात. तिचं नाव, हॉस्पिटलचं नाव, एजन्सीचं नाव, काहीच येणार नाही. शोधत बसू नका.

ताई माझ्यापेक्षा ४ वर्षांनी मोठी. बारावीनंतर तिने जीएनएम केलं, सोलापूरला. मी बीटेक केलं, पुण्यात. आमच्या घरात पाहुणे आले की आई आधी माझं सांगायची, "हा इंजिनियर," आणि मग "ही नर्सिंगला आहे." त्या दोन वाक्यांच्या आवाजात जो फरक होता ना, तो मला फार उशिरा ऐकू आला. आजचा भाग थोडा त्याबद्दल पण आहे.

ताई आयसीयूत काम करते. आणि गेली ३ वर्षं ती कुठल्याच हॉस्पिटलची नोकर नाही. ती एजन्सीची सिस्टर आहे.

एजन्सी म्हणजे नक्की काय

बऱ्याच जणांना वाटतं, आयसीयूत जी नर्स दिसते ती त्या हॉस्पिटलचीच असते. तसं नसतं. हॉस्पिटलला रोज रात्री ठराविक नर्स लागतात. कुणी आजारी पडतं, कुणी बाळंतपणाच्या रजेवर जातं, कुणी नोकरी सोडून परदेशी जातं. रिकाम्या जागा भरायला हॉस्पिटल एजन्सीला फोन करतं. आपल्याकडे जुने लोक त्याला ब्यूरो म्हणतात. घरी पेशंटसाठी बाई पाठवणारा ब्यूरो तुम्हाला माहीत असेल, त्याचीच ही हॉस्पिटलला माणसं पुरवणारी आवृत्ती.

ताईच्या फोनवर एजन्सीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दुपारी ४ च्या सुमाराला मेसेज येतो : "आज नाईट, आयसीयू, व्हेंटिलेटर अनुभव पाहिजे, हडपसर, कोण?" जी आधी "मी" लिहिते तिला ड्युटी. ताई जेवताना फोन ताटाशेजारी ठेवते, आंघोळीला जाताना भाचीच्या हातात देते. भाची ७ वर्षांची आहे, तिला सांगून ठेवलंय, "नाईट असं दिसलं की मला हाक मार."

१२ तासांच्या एका नाईटचे ताईला १,५०० रुपये मिळतात. एजन्सी हॉस्पिटलकडून त्याच रात्रीचे किती घेते, ते तिला माहीत नाही. ते विचारायचं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग पर्मनंट नोकरी का नाही? होती ना. ५ वर्षं होती. हातात २२,००० यायचे. महिन्याला ड्युटीचा तक्ता लागायचा आणि त्यात बदल मागितला की इन्चार्ज सिस्टरचं तोंड वाकडं व्हायचं. भाची लहान, दाजींची कंपनीत शिफ्ट. दोघांची नाईट एकाच आठवड्यात आली की आईला गावाहून यावं लागायचं. एजन्सीत ताई महिन्याला २० नाईट करते आणि ३०,००० मिळवते. कुठल्या २० ते ती ठरवते. हा तिचा विचार करून घेतलेला निर्णय आहे, हे आधी सांगतो. कारण "बिचारी" म्हणून कुणाची गोष्ट सांगणं मला आवडत नाही आणि ताईला तर त्याहून नाही.

पण या ३०,००० मध्ये काय नाही, तेही ऐका. पीएफ नाही. पगारी रजा नाही. आजारी पडली तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. एजन्सी म्हणते, तू आमच्या पगारावर नाहीस, आम्ही फक्त काम मिळवून देतो. हॉस्पिटल म्हणतं, तू आमची नाहीस. आयसीयूत काम करताना बोटात वापरलेली सुई टोचली तर कुणी बघायचं, याचं उत्तर दोन्हीकडे एकच : "तिकडे विचारा."

आयसीयूची सुरुवातच उसन्या हातांनी झाली

थोडं मागे जातो, कारण हे वाचून मी चाट पडलो होतो.

१९५२ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओमध्ये श्वासाचे स्नायू लुळे पडायचे आणि माणूस गुदमरून जायचा. तेव्हा छातीभोवती बसणारी लोखंडी पिंपासारखी मशीन असायची, पण ती मोजकीच होती आणि पेशंट शेकड्यांनी. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑगस्टमध्ये १२ वर्षांच्या एका मुलीवर वेगळा उपाय केला. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा ढकलली. मुलगी वाचली.

पण पिशवी हाताने दाबायची म्हणजे २४ तास कुणीतरी दाबत राहायला हवं. एवढे हात कुठून आणायचे? मेडिकल आणि डेंटलचे विद्यार्थी बोलावले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन् महिने पिशव्या दाबल्या. पुढच्या वर्षी इब्सेनने असे गंभीर पेशंट एकाच जागी ठेवायचं युनिट सुरू केलं. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याची सुरुवात तिथून मानतात.

म्हणजे बघा, पहिल्या दिवसापासून आयसीयू मशीनवर कमी आणि शेजारी बसलेल्या माणसावर जास्त चालतंय. आणि ती माणसंसुद्धा बाहेरून, पाळीपुरती बोलावलेली होती. फरक इतकाच, की त्या मुलांना एकच काम होतं आणि ते त्यांना नीट दाखवून दिलं होतं. ताईला काय दाखवतात ते आता सांगतो.

संध्याकाळी ८ ते सकाळी ८

ताई पावणेआठला पोचते. नवीन हॉस्पिटल असेल तर आधी गेटवर सिक्युरिटीला समजवायचं, की मी नातेवाईक नाही, स्टाफ आहे. ओळखपत्र नसतं ना. मग लिफ्ट, मग आयसीयू, मग चप्पल कुठे काढायची हा प्रश्न, मग ओव्हर.

ओव्हर म्हणजे दिवसाच्या सिस्टरने रात्रीच्या सिस्टरला पेशंट समजावून सांगणं. पेशंटला काय झालंय, व्हेंटिलेटरवर काय सेटिंग आहे, कुठली औषधं पंपावर चालू आहेत, लघवी किती झाली, कुठला रिपोर्ट यायचाय. दिवसाची सिस्टर १२ तास उभी राहून दमलेली असते, तिची बस असते. त्यामुळे ओव्हर कधी १५ मिनिटांचा असतो, कधी ४ मिनिटांचा.

त्यानंतर रात्रभर काय करायचं असतं? दर तासाला बीपी, नाडी, ऑक्सिजन, लघवीचं माप लिहायचं. नळीतला कफ सक्शनने काढायचा. नाकातल्या नळीतून फीड द्यायचं. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. ७०-८० किलोचा बेशुद्ध माणूस एकटीला वळत नाही, मावशींना किंवा वॉर्डबॉयला बोलवावं लागतं. डोळे पुसायचे, तोंड साफ करायचं. मध्येच नवीन ॲडमिशन. आणि सतत अलार्म. पंपाचा वेगळा, व्हेंटिलेटरचा वेगळा, मॉनिटरचा वेगळा. आणि गंमत म्हणजे प्रत्येक कंपनीच्या मशीनचा आवाज वेगळा. एका हॉस्पिटलमध्ये जो आवाज "सलाईन संपत आलंय" असं सांगतो, तसाच आवाज दुसरीकडे "श्वासाची नळी सुटलीये" असं सांगत असतो.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे आयसीयूत प्रत्येक पाळीला एका पेशंटमागे एक नर्स हवी. ताईला किती पेशंट मिळतात? चांगल्या रात्री दोन. वाईट रात्री तीन. आणि एजन्सीची असल्यामुळे सगळ्यात जड बेड तिच्याकडे, हे जवळपास ठरलेलं. कुणी मुद्दाम छळतं असं नाही. ड्युटी लावणारी सिस्टर स्वतःच्या माणसांशी रोज राहणार असते. ही उद्या येणार नसते.

पावणेतीनची सिरिंज

आता ज्यासाठी हा भाग केला ती गोष्ट.

मागच्या पावसाळ्यातली. ताई एका हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदाच गेली होती. तिच्याकडे दोन पेशंट. त्यातले एक आजोबा, शरीरात जंतुसंसर्ग पसरलेला, बीपी स्वतःच्या जोरावर टिकत नव्हतं. अशा पेशंटला नॉरॲड्रेनालिन नावाचं औषध देतात. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि बीपी धरून ठेवतं. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये औषध पातळ करून भरतात, सिरिंज पंपावर लावतात, आणि पंप ते थेंबाथेंबाने सोडतो. पंपावर आकडा असतो : ताशी किती मिली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पंपाला फक्त मिली कळतं. त्या ५० मिलीत औषध किती घातलंय हे पंपाला कळत नाही, निदान त्या पंपाला तरी कळत नव्हतं. काही हॉस्पिटलमध्ये ५० मिलीत ४ मिलिग्रॅम घालतात. काही ठिकाणी ८ मिलिग्रॅम, त्याला डबल स्ट्रेंथ म्हणतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण पंपावर ५ हा आकडा असेल, तर पहिल्या सिरिंजमधून तासाला ४०० मायक्रोग्रॅम जातात आणि दुसरीतून ८००. आकडा तोच, औषध दुप्पट.

आपल्या क्षेत्रातल्या लोकांना १९९९ चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर आठवेल. एका टीमचं सॉफ्टवेअर पाउंडच्या एककात आकडा देत होतं, दुसरं तो न्यूटनच्या एककात आहे असं धरून चालत होतं. यान मंगळाजवळ गेलं आणि नष्ट झालं. आम्हाला कॉलेजात हे उदाहरण दिलं होतं आणि आम्ही हसलो होतो, की नासाला युनिट कळत नाहीत.

पावणेतीनला पंपाने इशारा दिला, सिरिंज संपत आलीये. ताईने बघितलं, दीड मिली उरलंय. ताशी ५ च्या वेगाने दीड मिली म्हणजे १८ मिनिटं. आणि हे औषध शरीरात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. सिरिंज रिकामी झाली आणि दुसरी तयार नसली तर बीपी धाडकन खाली येतं. म्हणजे नवीन सिरिंज आत्ताच भरायची.

ताई आधी जिथे सलग दोन महिने ड्युटी करत होती तिथे डबल स्ट्रेंथची पद्धत होती. तिचे हात सवयीने दोन ॲम्प्युलकडे गेले. मग ती थांबली. चालू सिरिंजवरचं लेबल बघितलं. पेनाने "नॉरॲड" लिहिलं होतं. पुढचा आकडा स्पिरिटच्या हाताने पुसला गेला होता. ओव्हरमध्ये दिवसाच्या सिस्टरने सांगितलं होतं, "नॉरॲड ५ वर चालू आहे." बस.

ताई पर्मनंट सिस्टरकडे गेली. ती दुसऱ्या टोकाला एका पेशंटचं रक्त काढत होती. ताईने विचारलं, "तुमच्याकडे नॉरॲड सिंगल करतात की डबल?" ती सिस्टर वर न बघता म्हणाली, "एवढंही माहीत नाही? एजन्सीच्या ना तुम्ही?"

ताई मला म्हणाली, "खरं सांगू का, त्या क्षणी वाटलं, जाऊ दे, भरू आपल्याला येतं तसं. १० वर्षं आयसीयू करतेय मी. पण मग ते आजोबा दिसले. मी परत विचारलं. म्हटलं, होय, एजन्सीचीच आहे, म्हणूनच विचारतेय. सिंगल का डबल?"

उत्तर आलं, "सिंगल."

म्हणजे ताईच्या सवयीप्रमाणे भरलं असतं तर त्या आजोबांना तासाला दुप्पट औषध गेलं असतं, आणि पंपावर सगळं ठीकठाक दिसलं असतं. अलार्म वाजला असता तो नंतर, बीपी वर गेल्यावर, हृदयावर ताण आल्यावर.

ताईने ४ मिलिग्रॅमची सिरिंज भरली, मोठ्या अक्षरात लेबल लावलं, औषध, मात्रा, वेळ, सही. मग त्या आयसीयूत जेवढे पंप चालू होते तेवढ्यांची लेबलं बघून आली. आणखी दोन सिरिंजवर मात्रा नव्हती. ती त्या त्या सिस्टरला विचारून लिहून घेतली. पहाटे ५ ला तीच पर्मनंट सिस्टर चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, "मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका. मला पण तीन पेशंट आहेत आज." एवढंच. दोघींनी उभ्यानेच चहा घेतला.

आणि इथे मी येतो

ताईने मला हे दोन दिवसांनी सांगितलं, रविवारी, जेवताना. मी विचारलं, "पण हे कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं नसतं का? मात्रा किती ते?"

ती म्हणाली, "असेल. मला काय माहीत. माझं लॉगिन नव्हतं."

"मग रात्रभर नोंदी कुठे केल्यास?"

"त्या सिस्टरच्या लॉगिनवर. सगळीकडे तसंच असतं. पासवर्ड मॉनिटरच्या मागे चिकटवलेला असतो."

मी म्हटलं, "म्हणजे नोंदीत नाव तिचं?"

"हो. मी रात्री कुठेच नव्हते, कागदोपत्री."

मग ती स्क्रीनबद्दल सांगायला लागली. वर निळी पट्टी आहे, सेव्ह दाबलं की गोल गोल फिरत बसतं. माझा घास हातातच राहिला. कारण ते गोल फिरणारं मी ओळखतो. मी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. नर्सिंगच्या नोंदींचा तो भाग आमच्या टीमचा आहे. थोडाफार माझा आहे.

आमच्याकडे नवीन युजर बनवायचा तर हॉस्पिटलच्या आयटीने अर्ज भरायचा, एचआरने मंजूर करायचा, एम्प्लॉयी कोड लागतो. दोन-तीन दिवस जातात. एका रात्रीसाठी येणाऱ्या माणसाला एम्प्लॉयी कोड कुठून येणार? तात्पुरत्या स्टाफसाठी १२ तासांचं लॉगिन द्यावं, असं एका हॉस्पिटलने आम्हाला लिहून कळवलं होतं. त्याचं तिकीट माझ्याकडे आलं होतं. मी त्यावर लिहिलं होतं, "वापर कमी, प्राधान्य कमी." आणि ते खाली ढकललं होतं. दीड वर्षापूर्वी.

मंडळी, मी ते तिकीट वाईट हेतूने नाही ढकललं. त्या महिन्यात आमच्याकडे बिलिंगचा घोळ चालू होता आणि बिलिंगसाठी रोज फोन यायचे. एजन्सीच्या सिस्टरसाठी कुणाचाच फोन येत नव्हता. कोण करणार? ती तर उद्या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये असते. आमच्या यादीत ती युजर म्हणून नव्हतीच.

त्या रात्री काही चुकलं असतं, तर नोंदीत त्या पर्मनंट सिस्टरचं नाव निघालं असतं, जिने सिरिंजला हातही लावला नव्हता. आणि ताईने जे बरोबर केलं, तेही तिच्या नावावर नाही. दोघींवर अन्याय, आणि त्यात माझी एक ओळ.

मी सोमवारी ते तिकीट वर काढलं. फार मोठं क्रांतिकारक वगैरे काही नाही. आता इन्चार्ज सिस्टर स्वतः, नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर घालून, १२ तासांचं लॉगिन बनवू शकते. पाळी संपली की ते आपोआप बंद. आणि पंपावरच्या औषधाची नोंद करताना "किती मिलीत किती मिलिग्रॅम" हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका हॉस्पिटलने हे चालू केलंय. दुसऱ्या एकाने सांगितलं, "सध्या नको, गरज नाही." मॉनिटरमागचा पासवर्ड तिथे अजून असेल.

ताईला दाखवलं तेव्हा तिने नीट बघितलं, आणि म्हणाली, "चांगलंय. पण पहिल्या रात्री कुणी ५ मिनिटं माझ्याबरोबर फिरलं ना, क्रॅश कार्ट कुठे, सक्शन कुठे, नॉरॲड कसं करतात, तर यातलं निम्मं लागणार नाही." मी काय बोलणार?

नियम काय म्हणतात

आता जरा मोठं चित्र. नर्सच्या पगाराचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. जानेवारी २०१६ मध्ये कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने खासगी हॉस्पिटलसाठी शिफारस केली : २०० पेक्षा जास्त बेड असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीचा पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि कितीही लहान हॉस्पिटल असलं तरी महिना २०,००० च्या खाली नाही. शिफारस छान आहे. पण शिफारस ही शिफारसच असते. आणि ती नोकरीवर असलेल्या नर्सबद्दल बोलते. रोजच्या ड्युटीवर येणारीचा हिशोब त्यात कुठे बसवायचा?

मे २०२२ मध्ये आपल्या राज्यातल्या सरकारी हॉस्पिटलमधल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. बातम्या बघितल्या असतील. एक मुख्य मुद्दा हाच होता, की भरती खासगी एजन्सीमार्फत, कंत्राटी पद्धतीने करू नका. मला तेव्हा वाटलं होतं, हा फक्त नोकरीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आता वाटतं, तो पेशंटचा पण प्रश्न होता.

ब्रिटनमध्ये एजन्सी नर्स खूप वापरतात. तिथे आयसीयूच्या मार्गदर्शक निकषांत दोन गोष्टी आहेत. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर पेशंटला एकास एक नर्स. आणि एका पाळीत बाहेरून आलेल्या नर्स २० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. म्हणजे ते एजन्सी नकोच असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, अनोळखी माणूस मदतीला येऊ दे, पण त्याला विचारायला आजूबाजूला ओळखीची माणसं पुरेशी असू देत. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण निदान मोजतात तरी.

मग आपण काय करायचं

ऐकणाऱ्यांमध्ये नर्सिंगच्या मुली आणि मुलं आहेत, मला मेसेज येतात. त्यांच्यासाठी ताईचा निरोप, तिच्याच शब्दांत :

"नवीन आयसीयूत गेलात की पेशंटला हात लावायच्या आधी चार गोष्टी बघा. क्रॅश कार्ट, अँबू बॅग, सक्शन चालू आहे का, आणि रात्रीच्या डॉक्टरचा नंबर. ओव्हर घेताना पंपाजवळ उभं राहून घ्या, टेबलाजवळ नाही. प्रत्येक सिरिंजची मात्रा तोंडाने विचारा. जे मशीन आधी वापरलं नाही ते वापरलं नाही असं सरळ सांगा. लोक हसतील, हसू देत. आणि आपण केलेल्या ड्युटीची तारीख, वेळ, हॉस्पिटल हे स्वतःच्या वहीत लिहा. एजन्सी पैसे द्यायच्या वेळी विसरते."

तुमचं कुणी आयसीयूत असेल, तर तुमच्यासाठी. पाळी बदलली की सिस्टरला नाव विचारा आणि नावाने हाक मारा. पेशंट आधी कुठली औषधं घेत होता आणि कशाची ॲलर्जी आहे, हे एका कागदावर लिहून द्या, कारण आज रात्री जी सिस्टर आहे तिने तुमच्या बाबांना पहिल्यांदाच बघितलंय. ती तुमच्या प्रश्नावर "विचारून सांगते" म्हणाली, तर तिला काही येत नाही असा अर्थ काढू नका. मी आधी तसाच काढायचो. आता मला "विचारून सांगते" म्हणणारी सिस्टर दिसली की बरं वाटतं.

आणि माझ्यासारख्या इंजिनियर लोकांसाठी. तुमच्या यादीत खाली पडलेलं एखादं तिकीट असेल, "वापर कमी" असं लिहिलेलं. एकदा उघडून बघा, कोण वापरतं ते. कधी कधी वापर कमी नसतो, फक्त फोन करायला कुणी नसतं.

शेवटी एक. ते आजोबा पुढच्या आठवड्यात वॉर्डात हलवले गेले, असं ताईला ग्रुपवरच्या एका सिस्टरकडून कळलं. त्यांना ताई माहीत नाही. ते तिच्या पूर्ण पाळीत बेशुद्धच होते. मी ताईला विचारलं, "वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "त्यात काय वाईट वाटायचं? ते घरी गेले ना." आणि तेवढ्यात भाची आतून ओरडली, "आई, नाईट आलं!" ताईने हात पुसले, फोन घेतला, "मी" असं टाइप केलं आणि डबा भरायला उठली.

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी नर्स असेल तर हा भाग त्यांना पाठवा, आणि काही चुकलं असेल तर त्यांनाच मला सुधारायला सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.